कप्तानबाईंच्या चेहऱ्याचा रंग

ती. दादा,

आपल्याला आणि वहिनींना माझा वाकून नमस्कार. वाकून हे लिहिण्यापुरतंच, कारण डॉक्टरीणबाईंनी मला अजून थोडे दिवस वाकायला मनाई केली आहे. (बुटाच्या नाड्या तुमची बहीण बांधते, आणि बांधताना जे बोलते ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नसतं.) आपला गुडघा आता जिने चढू देतो का? वहिनींची झोप कशी आहे? आमच्याकडे सगळं ठीक आहे. अक्षर मोठं आलंय त्याबद्दल राग मानू नका. डाव्या डोळ्याला बारीक दिसत नाही, आणि उजव्याला इतकं बारीक दिसतं की कागदाचे धागे दिसून लक्ष उडतं, म्हणून मधला मार्ग काढला आहे.

परवा फोनवर आपण डोळ्याची चौकशी केलीत तेव्हा मी "छान" एवढंच म्हणालो आणि फोन हिच्याकडे दिला. फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि शेजारी ही बसलेली असली की जे येतं तेही येत नाही. म्हणून हे पत्र. काही मागायचं असलं की जावयांना मेहुण्यांची आठवण येते असं आपण एकदा म्हणाला होतात; तर दादा, मला काहीही मागायचं नाही. झाला प्रकार कुणाला तरी सविस्तर सांगावा आणि मन मोकळं करावं, इतकाच हेतू.

आपण माझ्या छंदाला "खेळणी" म्हणता. म्हणा. पण पुढचं कळायला त्यात नेमकं काय असतं ते आपल्याला थोडं ऐकून घ्यावं लागेल. खोकं उघडलं की राखाडी प्लास्टिकच्या चौकटी निघतात, आणि त्यांना यानाचे नाहीतर माणसांचे सुटे भाग फांदीला फळं लागावीत तसे लागलेले असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, सांधे पुट्टीने बुजवायचे, पुन्हा घासायचे, आणि मग अस्तराचा हात द्यायचा. इथपर्यंत नुसती हमाली. खरं काम त्यानंतरचं, म्हणजे रंगाचं. यान कधीही कोरं करकरीत दिसता कामा नये. त्याने अंतराळात दिवस काढलेत, दगड खाल्लेत, कुणीतरी ते घाईघाईत दुरुस्त केलंय, हे दिसलं पाहिजे. त्यासाठी रेषांमध्ये पातळ काळा रंग सोडायचा, कडांवरून जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा, नळकांड्यांच्या तोंडाशी काजळी धरल्यासारखी करायची. माणसं तर अंगठ्याएवढी. त्यांचं बुबुळ रंगवायचं म्हणजे श्वास रोखून एक ठिपका, आणि तो चुकला की अख्खा खलाशी तिरळा.

या छंदात तीन जाती आहेत: विमानवाले, आगगाडीवाले आणि आम्ही अवकाशवाले. पहिल्या दोघांची मला कायम दया यायची. बिचारे सहा महिने खपून विमान रंगवतात, प्रदर्शनात मांडतात, आणि कुणीतरी गळ्यात चष्मा अडकवलेला गृहस्थ येऊन सांगतो की त्या साली शेपटीचा हिरवा जरा गडद असायचा. झालं, माणूस तिथेच बसतो. आमच्याकडे ही कटकट नाही. आमचं यान अजून कुणी बांधलेलंच नाही, तेव्हा ते कुठल्या रंगाचं होतं हे सांगायला येणार कोण? मी हे अभिमानाने सांगत असे. या मोकळीकीनेच माझा घात केला, दादा. विमानं केली असती तर पहिल्याच वर्षी कुणीतरी कान उपटला असता.

आता दुकानाचं सांगतो. आपल्याला माहीत आहे, मी टाइल्सच्या दुकानात नमुन्यांच्या टेबलावर असतो. लोकांना वाटतं पांढरा म्हणजे पांढरा. आमच्याकडे पांढऱ्याचेच इतके प्रकार आहेत: दुधी, मोतिया, हस्तिदंती, चुन्याचा, सायीचा. आणि तो फरक सांगणारा म्हणून माझा दुकानात थोडा दबदबाही आहे. (होता.) गेल्या पावसाळ्यानंतर एक बाई बाथरूमची उरलेली भिंत पुरी करायला आल्या. जुनी टाइल बरोबर होती. मी ती उलटसुलट पाहिली, मांडणीतून जोडीची काढून दिली आणि म्हणालो, डोळे मिटून लावा. त्यांनी लावली. आठवड्याने त्या दोन हातांत दोन टाइल्स घेऊन दारात उभ्या. दुकानातले सगळे एकदम आपापल्या कामात इतके गढून गेले की एरवी कधी जात नाहीत.

बाई शांतपणे म्हणाल्या, "या दोन सारख्या आहेत का?"

मी म्हणालो, "अगदी."

मालक गल्ल्यावरून उठून आले. त्यांनी दोन्ही टाइल्स घेतल्या, मला फुटपाथवर उन्हात नेलं आणि विचारलं, "यातली निळसर कुठली?"

"निळसर यात कुठलीच नाही."

मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती माझी डब्याची पिशवी आणून हातात दिली आणि म्हणाले, "आज घरी जाऊ नका. सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात जा. भिंतीचं मी बघतो."

डॉक्टरीणबाई वयाने आपल्या पोरीसारख्या आणि वागायला आपल्या आईसारख्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजवा जास्त पिकलेला. त्या म्हणाल्या, "काका, गेली काही वर्षं तुम्ही जगाकडे काळ्या चहाच्या ग्लासातून बघताय." मी विचारलं, मग मला कळलं कसं नाही? त्या म्हणाल्या की हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही, बाकीच्यांना कळतं. तेव्हा मी ते शेवटचं वाक्य नीट ऐकलं नाही. आधी उजवा करू, महिन्याभराने डावा, असं ठरलं. ऑपरेशनबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. माझं नाव पुकारलं, मी शांतपणे उठून आत गेलो, आणि चहा निवायच्या आत बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की भिंतीला रात्रीत रंग दिला का. दादा, पांढरा रंग असा असतो हे मी विसरूनच गेलो होतो. ज्याच्यावर आयुष्यभर पोट भरलं तो रंग. दवाखान्याबाहेर रिक्षा थांबवली, तर रिक्षाच्या टपावरचं आभाळ कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं. घरी आलो. हिच्या चेहऱ्यावर काही बारीक रेघा मला नव्याने दिसल्या, पण ते मी बोललो नाही. (संसारात काही गोष्टी डोळ्याने बघायच्या, तोंडाने नाही.) तिने मात्र "आता दिसतंय ना नीट?" असं विचारून मला पंख्यावरची जळमटं दाखवली.

मग मी कपाटाकडे वळलो. आपण ते पाहिलं आहे. बैठकीच्या खोलीतलं काचेचं, ज्यात आपल्या मते जेवणाचे सेट असायला हवेत. त्यात माझं सगळं आरमार. मालवाहू यानं, टेहळणीची यानं, एक मोडकळीला आलेलं इस्पितळ-यान, आणि पुढच्या कप्प्यात खलाशी. मी ती सगळी हाडाच्या रंगाची रंगवली होती, उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या हाडाच्या. दार उघडून बघतो तो सगळं आरमार जांभळट. फिकं, सुंदर, निळसर जांभळं, लहान मुलीच्या वाढदिवसाचा केक असावा तसं. आणि खलाशी! माझे रापलेले, थकलेले, घरची आठवण येणारे खलाशी सगळे बुडून मेलेल्या माणसांच्या रंगाचे. एकजात.

मी रंगांच्या बाटल्या काढून बघितल्या तेव्हा उलगडा झाला. बाटलीवर लिहिलेलं असायचं हस्तिदंती. मला तो पिवळट वाटायचा. म्हणून मी त्यात थोडा निळा घालायचो, पिवळेपणा मारायला. पुढच्या वर्षी थोडा जास्त. मी मनात म्हणायचो की हल्ली कंपन्या रंगात भेसळ करतात. (एका कंपनीला मी तसं पत्रही लिहिलं होतं. त्यांचं अत्यंत सभ्य उत्तर आलं होतं.)

खुर्चीवर बसलो, आणि मग एकेक आठवायला लागलं. प्रदर्शनात माझ्या इस्पितळ-यानाला बक्षीस मिळालं होतं, तेव्हा परीक्षक म्हणाले होते की "हा रंग वापरायला छाती लागते." मी तो साधेपणाचा गौरव समजलो होतो. शेजारचे काका खलाशांपुढे वाकून म्हणाले होते, "किती दुःखी परग्रहवासी आहेत हो." मी त्यांना समजावलं होतं की ही माणसंच आहेत, आपल्यासारखी, आणि त्यांनी मान हलवून "होय होय, मनाने माणसंच" असं म्हटलं होतं. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य आता ऐकू आलं: ज्याचं त्याला कळत नाही, बाकीच्यांना कळतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सगळे वर्षानुवर्षं माझ्या पाठीमागे नाही, तर माझ्या तोंडावर, प्रेमाने गप्प बसले होते. दादा, कुणी हसलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पोराने काढलेल्या घोड्याला "वा, काय सुंदर गाय" म्हणावं तसं आपलं कौतुक झालं, हे या वयात फार लागतं.

मी आमच्या छंदवाल्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांना सगळे कमांडर म्हणतात. पोटासाठी ते मोटार चालवायला शिकवतात. शिकाऊ बाईंना गाडी कडेला लावायला सांगून ते खाली उतरले. मी विचारलं, "कमांडर, माझी यानं कुठल्या रंगाची आहेत?"

त्यांनी टोपी काढली. "डोळ्याचं ऑपरेशन झालं वाटतं."

"तुम्ही मला का सांगितलं नाहीत?"

"पहिल्या वर्षी वाटलं तुम्ही मुद्दाम केलंय," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी संशय आला. पण तोवर तुम्हाला बक्षीस दिलेलं. आणि खरं सांगू का, तोवर तो आम्हाला आवडायलाही लागला होता. मंडळातले निम्मे लोक आता तो रंग घोटतात. 'टाइलवाल्यांचा निळा' म्हणतात त्याला. कुणाला तुमच्यासारखा जमत नाही."

माणसाच्या आजाराला त्याचं नाव दिलेलं आपण ऐकतो. माझ्या आजाराला माझ्या नोकरीचं नाव दिलं होतं, आणि तेही कौतुकाने. शिकाऊ बाईंनी तेवढ्यात हॉर्न वाजवला आणि कमांडर गेले.

घरी येऊन मी हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ही भाजी निवडत होती. "हो."

"कधीपासून?"

"तुम्ही खलाशांना रंग द्यायला लागलात तेव्हापासून. आधी वाटलं तुमच्या कल्पनेतलं असेल काहीतरी. मग वाटलं डोळे असतील. डोळे दाखवा म्हणून मी किती वेळा म्हटलं? तुम्ही काय म्हणालात?"

मी काय म्हणालो होतो ते मला चांगलं आठवत होतं. मी म्हणालो होतो की पांढऱ्यातले इतके पांढरे ओळखणाऱ्या माणसाला डोळे दाखवायला सांगणं म्हणजे मास्तरांना बाराखडी विचारणं आहे. ते मी आता पुन्हा म्हणालो नाही. दोन दिवस घरात आम्ही कामापुरतंच बोललो. मुद्दा हिचा बरोबर होता, म्हणून रुसवा जरा जास्त लांबला.

तिसऱ्या दिवशी मला कप्तानबाईंची आठवण झाली. त्यांची हकीकत आपल्याला ठाऊक नसावी. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक बाईमाणूस कप्तान आणली होती, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात शिरस्त्राण. ती कमरेवर हात ठेवून उभी राहण्याची पद्धत बघून मला वाटलं, ही तर आपल्या घरातलीच. मग मी पुट्टीने तिचा आखूड बॉब बुजवून अंबाडा घातला, केसाएवढ्या तारेचा चष्मा करून लावला आणि हिच्या वाढदिवसाला दिली. हिने ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारींच्या खिडकीत, काचेला टेकून ठेवली. इतकी वर्षं ती तिथे होती. मी भेटवस्तू म्हणून माझ्या बायकोला तिचाच निळा चेहरा करून दिला होता, आणि तिने तो दिवसभर शे-दोनशे लोकांपुढे मांडून ठेवला होता. ही लाज मला बाकी सगळ्या आरमारापेक्षा मोठी वाटली.

मी हिला म्हणालो, कप्तानबाईंच्या पायाखालची चकती सैल झाली असेल, आण एकदा, पक्की करतो. हिने आणली. ही आंघोळीला गेली आणि मी कप्तानबाईंना स्पिरिटच्या वाटीत सोडलं. जुना रंग उतरवायची तीच रीत आहे. थोड्या वेळाने मऊ ब्रशने चेहरा घासला, निळं सगळं वाटीत उतरलं आणि खाली कोरं राखाडी प्लास्टिक आलं. मला फार हलकं वाटलं. मनात म्हटलं, आता नव्या डोळ्याने, खरा हिचा रंग, गालावरच्या त्या दोन तिळांसकट.

ही डोकं पुसत बाहेर आली, तिने वाटीत पाहिलं आणि खुर्चीत बसली. रागावली नाही. तुमच्या बहिणीचा राग मला झेपतो. हे झेपलं नाही.

"हे काय केलंत?"

"अगं, निळा चेहरा होता तो. आता तुझ्यासारखा करतो."

"मला माहीत होता ना निळा. मी रोज बघत होते." मग म्हणाली, "तुम्हाला माझी खिडकी माहीत नाही. तिथे माणूस येतो तो तीन दिवस पाणी नसलेला येतो. तोंड उघडतो ते शिव्या द्यायलाच. तेवढ्यात त्याची नजर हिच्यावर जाते. विचारतो, हे काय आहे. मी सांगते, मी आहे. तो एकदा हिच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मग शिव्या विसरतो आणि पत्ता सांगायला लागतो. मला सगळे निळ्या मॅडम म्हणतात. माझ्यासारखी केलीत तर तिच्याकडे कोण बघेल? माझ्यासारखी तर मी आहेच तिथे."

"मग आता?"

"होती तशी करून द्या."

दादा, तेव्हापासून मी होती तशी करतो आहे. आणि होत नाही. नव्या डोळ्याने मी निळा घालायला गेलो की हात अडखळतो, कारण तो डोळा सांगतो, हे चूक आहे. मग मला युक्ती सुचली. उजवा डोळा रुमालाने बांधला आणि डाव्या, जुन्या डोळ्याने काम केलं. किती दिवसांनी सगळं कसं ओळखीचं वाटलं. पिवळा उजेड, मऊ कडा, जळमटं गायब. मन लावून चेहरा रंगवला. रुमाल काढून बघतो तो कप्तानबाई दौतीत पडल्यासारख्या. म्हणजे तो डोळाही तेव्हाचा राहिलेला नाही, त्याच्यापुढे गेला आहे. पुन्हा वाटी, पुन्हा स्पिरिट. दुसऱ्या खेपेला राखाडी झाल्या, तिसऱ्या खेपेला सर्दी झाल्यासारख्या. प्रत्येक वेळी ही चष्मा वर करून बघते आणि म्हणते, "ही मी नाही." पूर्वी एकदाही न बघता, न ठरवता जो रंग लागला, तो आता जाणूनबुजून लागत नाही.

संध्याकाळी मी गॅलरीत बसतो आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकून समोरच्या इमारती बघतो. उजव्याने बघितल्या तर नव्या, डाव्याने जुन्या. खोटं कुठल्या डोळ्याला म्हणायचं हे आधी मला अगदी स्पष्ट होतं, आता तितकंसं नाही. डाव्याला दिसतं ते चूक, हे कबूल. पण आमचा सगळा मधला संसार मी त्याच उजेडात पाहिला आहे. मालकांच्या दुकानातले ते सगळे पांढरे, ही ऑफिसातून येताना जिन्यात दिसायची ती, आणि रात्री दिव्याखाली रंगवलेला एकेक खलाशी. ते सगळं चहाच्या ग्लासातलं होतं असं आता कुणी सांगितलं म्हणून मी ते परत रंगवायला कुठे जाऊ? आरमाराला मी हात लावलेला नाही. काचेचं दार बंद करून ठेवलं आहे. अधूनमधून उघडतो आणि बघतो. खरं सांगायचं तर इस्पितळ-यान वाईट दिसत नाही.

असो. लांबण लागली. मन मोकळं झालं. वहिनींना नमस्कार, आपण गुडघ्याला जपा. आपल्या आशीर्वादाने बाकी सारं कुशल.

आपला,
टाइलवाला जावई

ता. क. – लिहिता लिहिता एक सुचलं. आपल्या निवृत्तीला मी आपल्याला एक दाढीवाला खलाशी दिला होता, नकाशा धरलेला. तो कप्तानबाईंच्याच आठवड्यात, त्याच वाटीतल्या रंगाने रंगवलेला आहे. आपण दर फोनवर सांगता की तो टीव्हीशेजारी सुखरूप आहे. तो मला थोड्या दिवसांसाठी पाठवता येईल का? समोर ठेवून रंग जुळवतो आणि परत करतो. मागणं असं हे नव्हे.

ता. क. २ – डाव्या डोळ्याची तारीख मी पुढे ढकलली आहे. चेहरा पुरा होईपर्यंत जुना डोळा हाताशी असावा म्हणून; दुसरं काही कारण नाही. हिला मी सांगितलंय की डॉक्टरीणबाई रजेवर आहेत. आपणही फोनवर तेवढंच म्हणावं.

* * *

दादा, मी लिहितेय. यांना अजून धुळीत जायचं नाही, म्हणून पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं. पाकिटाला यानाचा गोंद लावला होता, तो सुटेना, त्यामुळे पाकीट फाटलं आणि वाचणं भाग पडलं.

तुमचा दाढीवाला तुमच्याकडे नाही हे त्यांना कळवू नका. वहिनी पाणी प्यायला उठल्या की दचकतात म्हणून तो तुम्ही गुपचूप मला आणून दिलात. तो माझ्या कपाटात होता. कप्तानबाई वाटीत गेल्यापासून खिडकीत लोकांनी उच्छाद मांडला, म्हणून मी त्याला तिथे उभा केलाय. त्याला दाढी आहे हे अजून एकाच्याही लक्षात आलेलं नाही. काल एक गृहस्थ म्हणाले, मॅडम, हुबेहूब तुम्ही आहात.

डॉक्टरीणबाई रजेवर वगैरे नाहीत, मी फोन केला होता. आणि गेल्या वेळी हे शांतपणे आत गेले नाहीत. माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरून गेले, त्यामुळे पर्सही आत गेली आणि मी बाहेर रिकाम्या हाताने बसले. हे काही रंगासाठी थांबलेले नाहीत, घाबरलेत. ते त्यांना माझ्याजवळ बोलवत नाही.

पुढच्या गुरुवारची वेळ मी परस्पर घेतली आहे. तुम्ही बुधवारी या. आधी माझ्या खिडकीशी या, दाढीवाला खिशात घाला आणि मग घरी जा. यांना म्हणा, तुमच्यासाठी मुद्दाम घेऊन आलो. ऑपरेशन होईपर्यंत त्यांच्या हातात देऊ नका. रंग काय, कधी ना कधी जुळेल, नाहीतर दाढीवाला आहेच. गुरुवारी मात्र आमच्या दोघांच्या मध्ये बसायला कुणीतरी हवं. मलाही भीती वाटते, आणि गेल्या वेळी धरायला पर्ससुद्धा नव्हती.